वरच्या आळीत किती

आदर्श नगर, जयपूर
रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय इंदू,

आजचाही रविवार गेला आणि तुझा फोन आला नाही. पहिल्या रविवारी वाटलं, सोंडपेठेची रेंज गेली असेल. डोंगरावर वारा सुटला की टॉवर मान टाकतो, हे तूच सांगतेस. दुसऱ्या रविवारी मीच फोन केला. घंटी पूर्ण वाजली आणि थांबली. मागच्या रविवारी देवेंद्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज जनगणनेला सुट्टी का?" आणि सवयीनं मला हसू आलं. मग इतकी लाज वाटली की चहाचा कप तसाच ठेवून आत जाऊन बसले. म्हणून आज कागद घेतला. फोन उचलायचा नाही असं तू ठरवलं असशील, पण पोस्टमन दारात आला तर त्याला परत पाठवणारी तू नव्हेस. माझं अक्षर आता वाचवत नाही. फळ्यावर लिहून लिहून त्याचे हाल झालेत, तेवढं सांभाळून घे.

कारण तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तेव्हा आडवळणानं जाण्यात अर्थ नाही. कोजागरीला इथल्या मराठी मंडळात मी तुझी नक्कल केली. गच्चीवर दूध आटत होतं, गाणी झाली, भेंड्या झाल्या, आणि मंडळाच्या देवयानीबाई म्हणाल्या, विनयाताई, ते तुमचं फोनचं करा ना. 'ते फोनचं' म्हणजे तुझा रविवारचा फोन. घरात मी ते बरेच दिवस करत होते. आधी देवेंद्रांपुरतं, मग जेवायला आलेल्या चार माणसांपुरतं. हातात माईक घेऊन, सगळ्या मंडळासमोर, पदर खोचून बिचून, असं मात्र पहिल्यांदाच केलं. आमच्या अनुयानं ते मोबाइलवर टिपलं. दिवाळी झाल्यावर ती तिच्या प्रकल्पासाठी तुझ्याकडे राहायला आली, तेव्हा ते तिच्याबरोबर घाट चढून आलं.

पोरीवर राग धरू नकोस. तिची मराठी तू ऐकलीसच. निम्मी आमच्याकडून ऐकलेली आणि निम्मी हिंदीवरून बेतलेली. तुझा फोन आला की देवेंद्र 'जनगणनेचा फोन' म्हणून हाक मारायचे, आणि अनुया लहानपणापासून तुला 'जनगणना मावशी'च म्हणत आली. तिला ते नावच वाटलं. कुणाची मोठी मावशी असते, कुणाची पुण्याची मावशी असते, तशी आपली जनगणना मावशी. एसटी स्टँडवर उतरून, कस्तुरीच्या दुकानासमोर, सगळ्यांदेखत तिनं वाकून तुला नमस्कार केला आणि त्याच नावानं हाक मारली, हे तिनं मला त्याच दिवशी फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं. मी विचारलं, मावशी काय म्हणाली? तर म्हणे, काही नाही, बॅग घेतली आणि म्हणाली चल. मला तिथेच कळायला हवं होतं. तू कुणाची बॅग घेऊन गप्प चालणारी बाई नाहीस. चढ संपेपर्यंत तू तिला दहा जणांची लग्नं आणि बाळंतपणं सांगितली असतीस.

तिच्या प्रकल्पाचा विषय आहे 'एका लहान डोंगरी गावाचा भूगोल आणि लोकसंख्या'. इथे जयपुरातच झालान्याला तिची संस्था आहे, तिथल्या सरांनी सांगितलं की एखादं डोंगरातलं गाव निवडा. वर्गातल्या इतरांनी उत्तराखंड धरलं, आणि ही म्हणाली, मेरे पास अपना है. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. मी जेवणाच्या टेबलावर तिला नकाशा काढून दिला. वरची आळी थेट मुख्य धारेवर, तिथून पूर्वेला उतरणारी ती सोंड, सोंडेवर मधली आळी आणि टोकाला खालची पेठ, सोमवारचा बाजार, एसटी स्टँड. आपल्या दोघींच्या घरांची आढी बरोबर धारेवर आहेत, त्यामुळे पुढच्या पागोळीचं पाणी कृष्णेला आणि मागच्या पागोळीचं कोकणात, हे सांगितल्यावर ती चकित झाली. तुझ्या आई, आक्का, मागच्या दारातून भांड्यांचं पाणी भिरकावताना 'जा कोकणात' म्हणायच्या आणि पुढच्या दारातून फेकलं तर काहीच म्हणायच्या नाहीत, तेही सांगितलं. इथे झालान्याच्या टेकड्यांना लोक डोंगर म्हणतात. मी वर्गात शिकवते की अरवली हा फार प्राचीन पर्वत आहे, त्याचा मान ठेवा. मनात मात्र म्हणते, एवढ्याशा उंचीला आमच्याकडे चढ म्हणतात.

मग तिला लोकसंख्या हवी होती. सरकारी जनगणना पुढे ढकलता ढकलता आता कुठे होऊ घातली आहे, जुने आकडे शिळे झालेले. मी म्हटलं, आकडा कशाला शोधतेस, त्रिपुरीपर्यंत थांब, गाव स्वतःच दाखवेल. तिला सगळी रीत समजावून दिली. त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी प्रत्येक घर आपल्यासमोरच्या कठड्याच्या कोनाड्यांत माणशी एक पणती लावतं आणि खोऱ्यातली गावं खालून बघून म्हणतात, यंदा सोंडपेठ वाढली किंवा यंदा सोंडपेठ घटली. नव्या जिवाची पहिली पणती त्याच्या आत्यानं लावायची. माणूस गेलं की त्याची पणती गेली, गेलेल्यांना पितृपक्ष आहे, कठडा नाही. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेला मुलगा मोजायचा, कारण तो परत यायचा असतो. सासरी गेलेली मुलगी मोजायची नाही, तिची पणती सासरच्या गावी. माझ्या लग्नाच्या वर्षी आईनं माझी पणती काढली आणि डोळे पुसत मला तसं कळवलंही. मी वर्गात रहिवासी कोणाला म्हणायचं याच्या व्याख्या लिहून देते, मुलं त्या पाठ करतात आणि विसरतात. कठड्याचा नियम पोरीला एकदा सांगितला आणि पाठ झाला.

आता तुझ्या फोनबद्दल लिहिते, म्हणजे मी त्याचं काय केलं त्याबद्दल. तू कधी 'कशी आहेस' विचारून सुरुवात करत नाहीस. फोन उचलला की थेट खालच्या पेठेपासून निघतेस. पेठेत तांबटाची थोरली बाळंत झाली, मुलगी. शिंप्याचं घर बंद झालं, लेकाकडं कराडला गेली दोघं, किल्ली माझ्याकडं दिलीय. मधल्या आळीत म्हातारा जोती गेला, बरं झालं, सुटला. असं एकेक घर चढत चढत तू वर येतेस, आणि शेवटी, श्वास लागल्यासारखी थांबून म्हणतेस, "वरच्या आळीत दोन. ठेवते." आणि खरंच ठेवतेस. बघ, पुन्हा करायला लागले. जित्याची खोड म्हणतात ती ही. पेनानंसुद्धा मला तुझा आवाज काढल्याशिवाय तुझ्याबद्दल लिहिता येत नाही.

हे 'वरच्या आळीत दोन' मला आवडायचं. एकेकाळी आळी भरलेली होती, तू सांगायचीस तो आकडा मोठा असायचा आणि आकड्याकडे लक्ष कोण देतं. मग घरं बंद होत गेली. आमचंही झालं, माझा दादा पुण्याला गेला आणि त्यानं किल्ली तुलाच आणून दिली. गुरव गेले. मग आक्का गेल्या. त्यानंतर आळीत तू एकटी, हे कुणालाही कळेल. पण तू दर रविवारी म्हणायचीस, वरच्या आळीत दोन. मी मनाशी ठरवून टाकलं की तू आक्कांना अजून मोजतेस. पहिल्यांदा मला भरून आलं होतं, हे खोटं नाही. दुसऱ्यांदा वाईट वाटलं. आणि मग कधीतरी, कसं ते मलाच कळलं नाही, मला त्यात गंमत दिसायला लागली. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलेली बाई आणि तिला दोनातून एक वजा करता येईना.

कोजागरीला हेच माझं शेवटचं वाक्य होतं. खालच्या पेठेपासून सगळं केलं. तुझं ते नाकात बोलणं, 'बरं झालं, सुटला' म्हणताना जीभ टाळूला लावणं, मध्येच कोंबडीला हाकलणं. लोक हसून हसून वाकले. मग मी थांबले, तुझ्यासारखा श्वास घेतला, 'वरच्या आळीत दोन' म्हटलं, आणि माईक खाली घेऊन माझ्या आवाजात सांगितलं की आळीत ही एकटीच राहते, आक्का म्हणजे हिची आई, त्या गेल्या तरी ही त्यांना मोजते, आणि बाई गणिताच्या आहेत. इंदू, इतका हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. एक रेल्वेतले गृहस्थ, शेषराव म्हणून, त्यांच्या पत्नी कलावतीबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. दूध घेताना त्यांनी मला विचारलं, त्या बाई तुमच्या कोण? मी म्हटलं, गावाकडच्या. बालमैत्रीण म्हणायला माझी जीभ रेटली नाही. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

देवळात काय झालं ते अनुयानं मला परत आल्यावर सांगितलं. तेव्हा तिला वाटत होतं की छानच झालं. पौर्णिमेच्या आधी सभामंडपात तुम्ही सगळ्या वाती वळत बसला होतात, तू, कस्तुरी, मधल्या आळीतल्या पार्वतीकाकू, आणखी कोणकोण. ती पण बसली, तिला वात वळता येईना, तू तिचा हात धरून शिकवलंस. मग आपणही काहीतरी द्यावं असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, मावशी, तुम्ही जयपूरमध्ये खूप फेमस आहात, दाखवू? आणि मोबाइल खांबाला टेकवून ठेवला. सुरुवातीला कस्तुरी हसली, बाकीच्याही हसल्या, कारण आवाज हुबेहूब होता. मग आक्कांचं आलं. अनुया म्हणते, फिर सब चुप हो गए, मला वाटलं कुणाला समजलं नाही. ते समजलं नव्हतं ते फक्त तिला. तू शेवटपर्यंत बघितलंस, म्हणे. वात वळणं थांबवलं नाहीस. संपल्यावर म्हणालीस, "आवाज बरोबर काढलाय," आणि पुढचा कापूस घेतलास. माझ्या लेकीला ही शाबासकी वाटली आणि तिनं ती जशीच्या तशी घरी आणून मला दिली.

इंदू, नकला करायला मला तू शिकवलंस हे मी विसरले नाही. मला अंग होतं, पण कान तुझा. साने मास्तर 'त्रिकोण' म्हणताना मान डावीकडे नेतात हे तू टिपलंस, मी फक्त करून दाखवलं. मधल्या सुट्टीत मी टेबलावर चढायची आणि तू दारात पहारा करत उभी असायचीस, हसू दाबून तोंड लाल झालेली. आणि नियम तूच घातला होतास. कुणाचीही नक्कल करायची, हेडमास्तरांची, तलाठ्याची, देवाच्या पुजाऱ्याचीसुद्धा, पण ज्याच्या घरी जेवलो त्याची करायची नाही. मी आक्कांची एकदा केली तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आईच्या आजारपणात मी सबंध पावसाळा तुमच्याकडे जेवले. आक्का मला नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात वाढायच्या, कारण मला गार आवडत नसे, आणि तू गार खायचीस. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मी तर ते मोजून, मंडळात सांगून, टाळ्याही घेतल्या.

हे मी का करत होते, याचा विचार चार रविवार करते आहे. सबबी पुष्कळ सापडल्या. इथे कुणी गाव विचारलं की सातारा म्हणायचं, पुढे विचारलं तर डोंगरात म्हणायचं, त्यापुढे विचारायला कुणाला वेळ नसतो. नक्कल केली की मात्र सोंडपेठ लोकांना समोर दिसायची, ते घरंदारं विचारायचे, आणि मला तेवढ्यापुरतं गावाला जाऊन आल्यासारखं वाटायचं. ही सबब बरी आहे, पण खरी गोष्ट एवढी सोज्ज्वळ नाही. खरं म्हणजे तुझा फोन मला टोचायचा. तू एकेक बंद दार सांगत वर यायचीस आणि मला वाटायचं, आता ही म्हणणार, विने, तू कधी येतेस. तू कधीच म्हणाली नाहीस. मी आईच्या वर्षश्राद्धानंतर आले नाही, आक्का गेल्या तेव्हा परीक्षेचं कारण सांगितलं, परीक्षा खरंच होती पण सोडण्यासारखी होती. तू त्यावरही काही बोलली नाहीस. ज्याच्यासमोर आपण खाली मान घालतो त्याच्यावर हसायला मिळालं तर बरं वाटतं, मान जरा वर येते. एवढंच आहे बघ. एवढी वर्षं शिकवून, सवरून, माझ्यात एवढंच निघालं.

परवा देवयानीबाईंचा फोन आला. संक्रांतीला हळदीकुंकू आहे, मंडळातल्या बायका म्हणतात जनगणनाबाई परत करा. मी आधी घसा बसलाय म्हणाले. संध्याकाळी मग उलट फोन करून सांगितलं की घसा ठीक आहे, मी ते करणार नाही, ती बाई माझी मैत्रीण आहे, मी तिच्या घरी जेवलेली आहे, आणि मी जे सांगितलं ते खोटं होतं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, खोटं कसं, ती विनोदी गोष्टच होती ना. मी म्हटलं, हो, पण त्यातली वजाबाकी चुकली होती. त्यांना काही कळलं नाही, आणि मी फोन ठेवला. अनुयाला व्हिडिओ काढून टाकायला सांगितला, तिनं का म्हणून विचारलं, तेव्हा तिला खाली बसवून सगळं सांगावं लागलं. पोर रडली. म्हणाली, मम्मी, तू मला आधी सांगितलं असतंस की ते त्यांचं नाव नाही. देवेंद्र ऐकत होते. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, आणि तेव्हापासून त्यांनी तो शब्द उच्चारलेला नाही.

वजाबाकी चुकली हे मला कसं कळलं, ते सांगायचं राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. अनुयाचा अहवाल लिहून झाला. देवयानीबाईंच्या फोनच्या आदल्या दिवशी तिनं कच्ची प्रत मला तपासायला दिली, आईच भूगोलाची बाई म्हटल्यावर दुसरीकडे कुठे जाणार. सोंडेचा उतार, पाणलोट, जांभ्याची जमीन, सगळं नीट उतरवलंय. शेवटी पौर्णिमेच्या संध्याकाळचं वर्णन. मधल्या आळीत उभं राहून वर पाहिलं तेव्हा वरच्या आळीच्या कठड्यावर एकच पणती होती, असं लिहून तिनं पुढे मांडलंय, वरची आळी, लोकसंख्या एक. मी विचारलं, एकच कशी? मावशी तर दोन लावते, आक्कांची एक. तर ती म्हणाली, आक्कांची नाही मम्मी. तिथे कस्तुरी आँटींनीपण हेच विचारलं. त्यांनी कठड्याकडे बघून विचारलं, "इंदे, विनूची नाही लावली?" आणि मावशी म्हणाल्या, "ती जयपूरला असते." मग कस्तुरीनं तिला सांगितलं की तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षीपासून तुझ्या आजीनं काढलेली पणती इंदूनं आपल्या कोनाड्यात घेतली, कुणी नावं ठेवली तरी घेतली, आणि एक वर्षही चुकवली नाही. एवढं सांगून अनुयानं पेन्सिल माझ्या हातात दिली आणि विचारलं, आकडा बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार होते? तू लावलेल्या पणतीवर हक्क सांगायला आता माझ्याकडे काही नाही, आणि पुन्हा लाव असं मागायला तोंडही नाही. माफी मागते, ती तू द्यावीस म्हणून नाही, मागायलाच हवी म्हणून. एवढंच कर, पुढच्या रविवारी फोन कर. माझी विचारपूस करू नकोस, नेहमीही करत नाहीसच. खालच्या पेठेपासून सुरुवात कर, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं दार लागलं, सगळं सांगत सांगत चढत वर ये. आणि वरच्या आळीत किती, ते शेवटी सांग. एक म्हणालीस तरी मी ऐकून घेईन.

अजून म्हणवून घेता येत असेल तर तुझीच,
विनू